डावा हात

चिकलठाण्याहून उस्मानपुऱ्याकडं येणाऱ्या शेअर रिक्षात एक बाई रोज माझ्या शेजारी असायची. क्रीम-शाम्पूच्या कारखान्यात कामाला. शाम्पूला फेस आणणाऱ्या रसायनाची पिंपं ती उजव्या हातानं घासायची. मेणासारखं फॅटी अल्कोहोल वितळवून क्रीम तयार झालं, की जमलं का ते डाव्या हातावर चोळून बघायची.

एकदा माझी तान्ही लेक सोबत होती, रडायची काही थांबेना. बाईनं खुशाल डाव्या हातानं तिचा गाल कुरवाळला. माझ्या कपाळावर आठी आलीच.

"डावा लावला म्हणून राग मानू नका ताई. उजवा लई खरखरीत झालाय, टोचंल लेकराला."

लेक झोपली. उतरताना बाईनं दुआ दिली, ती मात्र उजव्याच हातानं. लेकीच्या डोक्यावर, वीतभर वर धरून.