जानेफळच्या विहिरीचं गणित

जानेफळला सहलीला म्हणून कुणी जात नाही. मी गेले ते सुमनच्या पत्रामुळे. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी मलकापूरच्या शाळेत गणित शिकवायची आणि ट्रेनिंग कॉलेजातली माझी मैत्रीण सुमन जानेफळला विज्ञान. तिनं लिहिलं होतं, "मुलं आठवडाभर गावची विहीर मोजताहेत. हिशेब मांडायला तू ये."

होळी आठ दिवसांवर होती. शनिवारी पहाटेची एसटी धरली. मलकापूरपर्यंत रेल्वेनं येणाऱ्यांना पुढे बुलढाणा, चिखली, मेहकर असा रस्ता आहे. राजूर घाटात उजव्या खिडकीशी बसावं की डाव्या, यावर माझ्या शेजारच्या बाईंचं ठाम मत होतं: डोळे मिटून बसावं. घाट चढल्यावर हवा बदलते, तेवढ्यासाठी तरी मी ते उघडे ठेवले. चिखलीला गाडी बदलताना भजी खाल्ली, मेहकरला नुसता चहा घेतला. जानेफळला उतरले तेव्हा केसांत, पदरात, पिशवीत सगळीकडे धूळ होती. सुमनकडे भाकर, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा तयार होता.

जेवताना तिनं सगळं सांगितलं. गावात दोन विहिरी. जुनी गाळानं भरलेली, नवी वापरातली. नवीचं पाणी मृगापर्यंत पुरणार असेल तर जुनीचा गाळ काढणं पुढच्या वर्षावर टाकायचं, असा सरपंचांचा विचार होता. सातवीच्या मुलांनी दोराला गाठी मारून पाण्याची खोली मोजली होती, काठावरून रुंदी घेतली होती आणि रोज सकाळी पाणी किती उतरतं ते वहीत लिहिलं होतं.

रविवारी विहिरीजवळच्या लिंबाखाली फळा लावला. सरपंच दादाराव आणि वीसेक माणसं आली. पाणी पंधरा फूट खोल, रोज दोन इंच उतरतं. मी झरझर भागाकार केला आणि लिहिलं: नव्वद दिवस. म्हणजे थेट मृगापर्यंत. दादाराव समाधानानं उठले.

तेवढ्यात कमल नावाची मुलगी उभी राहिली. तिचे वडील ही विहीर खोदणाऱ्यांपैकी एक.

"बाई, विहीर खालपर्यंत येवढी नाही ना. मंधात खडक लागला, त मंग खाली लहानच खोदली. गेल्या वर्षी मी बाबासंग गाळ काढाले उतरली होती."

कुणीतरी तिला बस म्हणून दटावलं. मी फळ्याकडे पाहिलं. वीस फूट रुंदीची सरळ, गोल विहीर मी काढली होती, आणि आत डोकावलेही नव्हते. ही पोर खरं बोलत असेल तर माझे नव्वद दिवस खोटे होते. मी दादारावांना थांबायची विनंती केली.

सुमननं बारा फुटी बांबूच्या दोन्ही टोकांना दगड बांधून तो आडवा सोडला. पाण्याखाली पाच फुटांवर तो अडकला. जागा बदलून पाहिलं, तरी तिथंच. खाली रुंदी किती, असं विचारल्यावर कमल म्हणाली, वरच्याच्या निम्मी.

"निम्मी रुंदी म्हणजे पाणी चौथाई," मी मुलांना म्हटलं. "मग ते रोज किती उतरेल?"

आठ इंच, असं मुलांनीच सांगितलं. वरचे पाच फूट तीस दिवस, खालचे दहा फूट पंधरा दिवस. मी नव्वद पुसून पंचेचाळीस लिहिलं आणि माझी चूक झाली, असं सर्वांसमोर सांगितलं.

दादारावांनी फळ्याजवळ येऊन तो आकडा मोठ्यानं वाचला. मग कमलला म्हणाले, "तुह्या बापाले सांग, उद्या पहार घेऊन जुन्या विहिरीवर ये म्हणा. आम्ही सारेच येतो."

परतीच्या गाडीत मला लाजही वाटत होती आणि हलकंही.

वैशाखात सुमनचं पत्र आलं. जुन्या विहिरीला पाणी लागलं होतं. नवी मात्र पंचेचाळिसाव्या नव्हे, एक्कावन्नाव्या दिवशी आटली, आणि ते सहा दिवस कुठून आले यावर कमलनं वर्गात भांडण लावून दिलं होतं.

पुढे मी पुष्कळ वर्षं शिकवलं. गणित फळ्यावर मांडण्याआधी विचारायची, "हे कुणी जवळून पाहिलंय का?" कुणीतरी हात वर करायचंच, आणि मग तास माझ्या ताब्यात राहायचा नाही.