बासरी, चंद्री आणि माझा पेपर

एम.कॉम.च्या शेवटच्या पेपरला माझ्यासोबत आमची म्हैस चंद्री आली होती.

कोल्हापुरात दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात. मालकाच्या मोटारसायकलमागं पळणारी म्हैस म्हणजे गल्लीची शान! चंद्रीला तसं शिकवायचं काम आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यावर सोपवलं. मी गोठ्यात पेंडीच्या पोत्यावर आडवा. छातीवर पुस्तक, पुस्तकावर मोबाइल. त्यात बर्फाचे डोंगर, निळं तळं आणि मागं बासरी. अख्खी दुपार त्या तळ्यात विरघळून जायची. चंद्री डोळे अर्धे मिटून रवंथ करायची, मीही जवळपास तेच करायचो. मधेच तिला मूठभर पेंड द्यायचो (हेच आमचं शिकवणं!).

त्या शेवटच्या पेपरचा विषय माझा आधीच दोनदा राहिला होता.

"ह्या टायमाला नापास झालास न्हवं, तर कॉलेज बंद! कागलला कंपनीत जायाचं!" असं म्हणून आबांनी मोबाइल काढून घेतला.

पेपरच्या सकाळी तेच मला गाडीवरून सोडायला निघाले. त्यांच्या खिशात बासरी चालूच!

"आबा, बंद करा की!"

"बंद हुतच न्हाय! मघाशी जरा बघत बसलोतो, तवापास्नं वाजतंय!"

(म्हणजे जप्तीचा माल घरातच वापरात होता!)

सगळीकडं धुकं होतं. बासरी ऐकत मी पुन्हा डोंगरात पोचलो. रस्त्यावरची माणसं हसून हात करत होती. मला वाटलं, शुभेच्छा देतायत. किती चांगलं गाव आहे आपलं!

कॉलेजच्या फाटकावर वॉचमन ओरडला, "पावणं, म्हस कुठं आत न्येतायसा?"

वळून बघतो तर चंद्री! गळ्यात तुटलेलं दावं, तोंडाला फेस आणि नजर माझ्या हाताकडं. बासरी वाजतेय म्हणजे पेंड मिळणारच! ओढलं, ढकललं, ती हलेना. तेवढ्यात घंटा झाली.

"आबा, मोबाइल घिऊन तुमी फुडं व्हा! ती येतीय मागनं!"

आबा निघाले, चंद्री निघाली. मी धापा टाकत वर्गात शिरलो. खिडकीतून बासरी लांब लांब जात होती. समोर प्रश्नपत्रिका होती आणि मला फक्त निळं तळं आठवत होतं.

पाडव्याला चंद्री मोरपिसं लावून गाडीमागं अशी पळाली की आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं निकाल लागला तेव्हाही आलं.

"दोगास्नीबी मोबाइल एकच हुता," तिच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले. "शिकली ती."

आता मी रोज कागलला जातो. मोबाइल घरीच ठेवावा लागतो. चंद्रीचा अभ्यास बुडायला नको, असं आबांचं म्हणणं आहे!