घाटावरची हाक

पितृपंधरवड्यात काळ्या तिळांचा, ओल्या दर्भाचा वास आला की मी पुन्हा ओंकारेश्वराच्या घाटावर उभी असते. त्या सकाळी आमच्या यजमानांनी संन्यास घेतला. स्वतःचं श्राद्ध स्वतःच्या हातांनी केलं, जानवं नदीत सोडलं आणि भगवी छाटी नेसून निघाले. शनिवारवाड्यावर चौघडा वाजत होता. मी सवयीनं म्हटलं, "अहो, उपरणं राहिलं!"

ते वळून हसले. "माई, ज्यांना हाक मारलीत, त्यांचं श्राद्ध झालं."

"मग मी कोण?"

"तेच शोधा."

शोधा म्हणायला काय जातंय! अजून कुंकू लावताना बोट कपाळाशी थांबतं. सवाष्ण की विधवा, ठरत नाही. आणि बोट थांबलेलं बघतेय ती कोण, ते तर मुळीच नाही.