बेसाच्या भिंतीवर इस्रायल

प्लास्टर करताना भिंतीच्या पायाशी सिमेंट-रेतीचा माल पडत राहतो. संध्याकाळी बघावं तर घमेलंभर साचलेला असतो. चांगला गवंडी तो फेकत नाही. ओला आहे तोवर उचलतो आणि कुठल्या तरी कोपऱ्यात लावून टाकतो. आमच्या गँगमधल्या गोष्टींचं तसंच आहे. पडतात, साचतात, वेळेवर उचलल्या नाहीत तर त्यांचा दगड होतो. म्हणून आज थोड्या उचलतो.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नागपुरात भिंती बांधण्यात जन्म गेला. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून मी साइटवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो आणि भिंत ओळंब्याला सरळ आहे की नाही ते बघतो. काम करतात रहीमभाई आणि सुधाकर. विटा आणि माल देते बेबीबाई. एवढीच आमची गँग.

वीटकामात भिंतीच्या एका टोकाला एक गवंडी असतो, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि मध्ये दोरी ताणलेली. दोरीला धरून विटांचा एक थर पूर्ण झाला की एकानं म्हणायचं, "उचल." मग दोघांनी एकदम दोरी वर घ्यायची. एकट्याला भिंत बांधता येत नाही असं नाही, पण ती एकट्यानं बांधलेली दिसते. रहीमभाई आणि सुधाकर यांची जोडी मी तरुणपणापासून बघतो आहे. सकाळी साइटवर आले की रहीमभाई म्हणायचा, "जयभीम." सुधाकर म्हणायचा, "सलाम भाई." आपला नमस्कार कोणीच करायचा नाही, समोरच्याचा करायचा. असं कधी सुरू झालं ते त्यांनाही आठवत नाही.

* * *

इस्रायल आणि गाझाची लढाई सुरू झाली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर तेच चालायचं. गाझातून येऊन माणसं मारली, बायका-म्हातारे उचलून नेले, सुधाकर म्हणायचा. आणि त्याच्या आधी काय काय झालं ते कोण सांगणार, रहीमभाई म्हणायचा. सुरुवात कोणी केली यावर दोघांचे डबे थंड व्हायचे.

बेबीबाईनं एक दिवस विचारलं, ते गाझा आहे तरी केवढं?

सुधाकरनं मोबाइलमध्ये बघितलं आणि सांगितलं, लांबीला समज, इथून सावनेर. रुंदीला तर काहीच नाही.

बेबीबाईचं माहेर सावनेरचं. ती हसायला लागली. "एवढुशा जागेसाठी? अवं माय, आमच्या सावनेरच्या बसमधी याच्याहून जास्त भांडणं होते."

मग कांदा फोडता फोडता थांबली. तिथं माणसं किती राहतात म्हणाली. सुधाकरनं सांगितलं, वीस लाखांच्या वर.

तिनं फोडलेला कांदा तसाच डब्यात ठेवला. "मंग लेकरं पळत कुठी असतीन?"

त्या दिवशी सुरुवात कोणी केली हा विषय निघाला नाही.

* * *

साइट नागपूरला लागून बेसाला होती. दोन सख्खे भाऊ, वडिलांचा एक प्लॉट, त्याचे दोन भाग. मध्ये भिंत बांधायची. थोरले साहेब कॉलेजात शिकवून रिटायर झालेले, धाकटे साहेब बँकेत. एवढीशी भिंत, पण दर आठवड्याला काम बंद पडायचं. बंद पडलं की आम्ही थोरल्या साहेबांच्या घराचं प्लास्टर करायचो, सुरू झालं की परत भिंत.

थोरले साहेब स्वभावानं फार चांगले. सकाळी गॅलरीत पेपर घेऊन उभे राहायचे आणि आम्हाला जगाची माहिती द्यायचे. इस्रायल आणि पॅलेस्टाईन यांच्यावर ते फार हळहळायचे. म्हणायचे, "उपाय एकच. दोन देश, शेजारी शेजारी, सन्मानानं. मोठ्यानं मन मोठं करायला पाहिजे."

बेबीबाई मान हलवायची. आम्हालाही पटायचं.

मग पेपरची घडी घालून ते खाली यायचे, धाकटे साहेब ऑफिसला गेल्याची खात्री करायचे आणि मला हळूच म्हणायचे, "मिस्त्री, दोरी जरा त्याच्या बाजूला सरकवता येईल का? विटेभर."

* * *

सुधाकरचा मुलगा मंगेश. फरशीचं काम त्याला रहीमभाईनं शिकवलं, बापानं नाही. बापाजवळ पोरगं काम शिकत नाही, नुसतं रुसतं, असं सुधाकरच म्हणाला होता. रहीमभाईचा पहिला धडा फरशीचा नव्हता. दुसऱ्याच्या थापीला हात लावायचा नाही, हा होता. माणूस काम अर्धं टाकून गेला तर त्याची माल लावायची थापी धुवायची, तेलाचा हात फिरवायचा आणि तो येईपर्यंत बाजूला ठेवायची. आमच्या धंद्यातली ही जुनी रीत आहे. आता मशीनवाल्या पोरांना ती हसू आणते, पण मंगेश हसला नाही.

तर इस्रायलात बांधकामाला इथून माणसं न्यायची भरती निघाली. तिकडून आलेल्या लोकांसमोर फरशी बसवून दाखवायची. मंगेशनं बसवून दाखवली आणि तो पास झाला.

सुधाकर पेढे घेऊन साइटवर आला. रहीमभाईला पहिला पेढा. पोराचा पासपोर्ट झाला म्हणाला, बाहेर चालला.

रहीमभाई खूश. तोंडात पेढा घालून त्यानं विचारलं, "दुबई?"

सुधाकर घमेल्याकडे बघत म्हणाला, "तिकडंच. दुबईच्या जरा पुढी."

जरा पुढी म्हणजे कुठं, ते सुधाकरच्या चेहऱ्यावरूनच बेबीबाईला कळलं आणि तिनं इस्रायलचं नाव घेऊन टाकलं. रहीमभाईनं पेढा थुंकला नाही. चावून चावून गिळला. मग म्हणाला, "तिथं पॅलेस्टाईनच्या गवंड्याइले घरी बसवलं सुधाकर. त्याइच्या जागेवर आपला पोरगा चालला. म्या शिकवलेला."

"माह्या पोरानं कोनाले मारलं का?" सुधाकर म्हणाला. "दोन वर्सांपासून मजुरीच्या ठिय्यावर उभा राहून घरी वापस येते तो. तुम्ही पाह्यत नाही का भाई?"

दोघांचंही खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ना जयभीम झालं, ना सलाम.

* * *

अबोल्यात भिंत कशी बांधायची? त्यांनी युक्ती काढली. "उचल" म्हणायच्या ऐवजी दोरीला झटका द्यायचा. एक झटका म्हणजे माझं झालं. दोन झटके म्हणजे उचल. भिंत वर जात होती, पण साइटवर आवाज फक्त थापीचा.

बाकीचे निरोप बेबीबाईमार्फत. मी पेपरात वाचलं होतं की त्या लढाईतही समोरासमोर कोणी बसत नाही. मध्ये कतार नावाचा एक छोटा देश आहे, तो इकडचा निरोप तिकडे नेतो. मी तिला म्हटलं, बेबी, तू आमची कतार.

"त्या देशाले पगार भेटते का काकाजी?"

मी म्हटलं, तो देशच श्रीमंत आहे.

"मंग मी नाही ते. मी फुकट करून राहिली."

तरी ती करायची, आणि निरोप वाटेत बदलायची. रहीमभाई म्हणायचा, त्याले सांग, त्याचा कोपरा ओळंब्यात नाही, आंधळा झाला का? बेबीबाई सुधाकरजवळ जाऊन म्हणायची, "भाई म्हनते, कोपरा छान आला, फक्त एकडाव ओळंबा लावून पाह्य." सुधाकर म्हणायचा, त्याले सांग, मले शिकवू नको. बेबीबाई परत येऊन सांगायची, "सुधाकरभाऊ म्हनते, तुमच्याकडूनच शिकलो."

आठवडाभर भिंत फार सुंदर झाली. मग एक दिवस वारा पडला होता आणि दोघांनाही एकमेकांचं मूळ बोलणं ऐकू गेलं.

* * *

पेपरात युद्धविरामाची बातमी आली. बेबीबाई मोठ्यानं म्हणाली, "तिकडं बंद झालं म्हन्ते. तुमचं कवा होते गा?"

सुधाकर म्हणाला, आम्ही विचार करून राहिलो. रहीमभाईनं थापी खाली ठेवली. तोही काही बोलेल असं मला वाटलं. पण तेवढ्यात थोरले साहेब खाली आले. त्यांनाही बातमीनं उत्साह आला होता. म्हणाले, "आज माझ्याकडे चहा. दोघं समोरासमोर बसा. संवादानं सुटत नाही असं काही नसतं."

दोन खुर्च्या मांडल्या. चहा आला, बिस्किटं आली. दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचार करा, असं साहेब समजावत होते. रहीमभाई आणि सुधाकर मान खाली घालून बशीत बघत होते. इतक्यात धाकटे साहेब टेप घेऊन आले. त्यांनी भिंत मोजली होती. त्यांची बाजू विटेभर कमी भरली होती.

पुढचं काय सांगू. दोघं भाऊ भांडत भांडत वडिलांच्या आजारपणापर्यंत मागे गेले. शेवटी धाकट्या साहेबांना सुधाकरनं धरलं आणि थोरल्या साहेबांना रहीमभाईनं. शांत झाल्यावर रहीमभाई आणि सुधाकर भिंतीच्या आपापल्या टोकाला निघून गेले. चहा तसाच राहिला.

बेबीबाईनं बिस्किटं पदरात बांधली. "तह झाला नाही," म्हणाली, "पन मदत पोचली."

भिंत विटेभर मागे घ्यावी लागली. पाडली आणि परत पायापासून सुरू केली.

* * *

मंगेश जाऊन आता काही महिने झाले होते, आणि तिकडचा युद्धविरामही मोडला होता. त्याचा फोन जेवणाच्या सुट्टीत यायचा. सुधाकर फोन घेऊन रेतीच्या ढिगामागे जायचा. हल्ल्याचा भोंगा वाजला की सगळे जिन्यातून जाड भिंतीच्या खोलीत पळतात, असं मंगेशनं एकदा सांगितलं होतं. सुधाकरनं ते आम्हाला मोठ्यानं सांगितलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं. रहीमभाई पाठ करून जेवत होता.

त्या दिवसानंतर फोन वाजला की रहीमभाईचा घास हातातच राहायचा. सुधाकर ढिगामागून परत आला, त्याचा चेहरा बरा दिसला, की मग तो घास तोंडात जायचा. बेबीबाईनं हे पाहिलं होतं, पण कोणाला सांगितलं नाही. हा एकच निरोप तिनं पोचवला नाही.

* * *

भिंत परत छातीपर्यंत आली होती. काम चालू असतानाच मंगेशचा फोन आला. त्या दिवशी ढिगामागे रेंज नव्हती. सुधाकर सरकत सरकत भिंतीच्या मधोमध आला, तिथं आवाज लागला. ऐकू यावं म्हणून त्यानं स्पीकर लावला.

मंगेश सांगत होता. एका बिल्डिंगमध्ये त्याला बाथरूमचं काम दिलं आहे. फरशी अर्धी लागलेली आहे. लावणारा पॅलेस्टाईनचा, लढाईच्या आधी येत होता, मग त्याला येऊ दिलं नाही. दोरी तशीच ताणलेली आहे. खिळ्याला एक पिशवी आहे, तिच्यात कपड्यात गुंडाळलेली थापी. सुपरवायझर म्हणतो, तीच वापर, चांगली आहे.

"मंग वापर ना," सुधाकर म्हणाला.

मग मंगेश म्हणाला, "बाबा, चाचाले विचारा."

सुधाकर फोन हातात धरून उभा राहिला. बेबीबाई घमेलं खाली ठेवून सवयीनं पुढे झाली. सुधाकरनं तिला हातानं थांबवलं. भिंतीच्या कडेकडेनं चालत तो स्वतः रहीमभाईच्या टोकाला गेला आणि फोन समोर धरला.

रहीमभाईनं हातातली वीट बसवली. बाजूनं निघालेला माल कापून घेतला. मग फोनकडे न बघता म्हणाला, "धुऊन टाक. तेलाचा हात फिरव. त्याच कपड्यात बांधून त्याच खिळ्याले लटकव. तू आपली थापी वापर."

"हो चाचा. पन इथले लोक म्हनते, तो आता नाही येनार."

रहीमभाईनं खांद्याला तोंड पुसलं. "त्याची दोरी सोडली का तू?"

"नाही."

"सोडू नको. त्याच्याच दोरीवर लाव." मग म्हणाला, "आन् भोंगा वाजला की पयले पळ. फरशी राहू दे."

फोन बंद झाला. सुधाकर आपल्या टोकाला परत गेला. गॅलरीतून थोरल्या साहेबांनी विचारलं, काय झालं, काम का थांबलं? बेबीबाई म्हणाली, "काही नाही साहेब. थर संपला."

मी खुर्चीतून दोरीकडे बघत होतो. झटका बसेल म्हणून वाट बघत होतो. झटका बसला नाही.

रहीमभाई तोंडानं म्हणाला, "उचल."