मुलगी कधी चालायला लागली

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी वसईच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. वय एकतीस. आमच्या बोर्डावर एकशे बेचाळीस नंबर होते आणि ते सगळे मला पाठ होते. यात बढाई नाही. आम्ही तिघी होतो आणि तिघींनाही पाठ होते. गिऱ्हाइकानं फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावरचं त्याच्या नंबराचं झाकण पडायचं. आम्ही दोरीची पिन घालून "नंबर प्लीज" म्हणायचो आणि पलीकडून नंबर कोणी सांगायचंच नाही. "डॉक्टरांकडे लावा." "आमच्या दादाला द्या." "ताई, कालच्याच माणसाला." कोणाचा दादा, कालचा कोणता माणूस, हे पडलेल्या झाकणावरून आम्हाला कळायचं.

नंबरांची टाइप केलेली यादी आमच्या पाठीमागच्या भिंतीवर होती. ती पाहायची तर खुर्चीतून उठून मागे वळावं लागे. नवीन आलेली मुलगी पहिला महिनाभर वळायची. त्यानंतर कोणी वळलं तर आमच्या तिघींतल्या थोरल्या बाई काही बोलत नसत, नुसत्या चष्म्यावरून पाहत.

मी नोकरीच्या नवव्या वर्षी वळले.

कळंबच्या पोस्टातून एक मासळीवाली आठवड्यातून तीनदा फोन करायची. त्या दिवशीही केला.

"बर्फवाल्याला लाव, बाय."

बर्फाच्या कारखान्याला मी तोवर शेकडो वेळा जोडून दिलं असेल. हात दोरीवर होता, तो तिथेच राहिला. एखादा शब्द ओठांवर येऊन अडतो, तसंही ते नव्हतं. तिथे काहीच नव्हतं.

"नंबर सांगता का?" मी विचारलं.

"नंबर? मला नंबर ठावूक असता तर तू कशाला बसलीस तिथं? कोन बोलतंय? नवीन आलीस काय?"

"नाही, मीच आहे."

"मग लाव की! माझं पापलेट काय तुझी वाट बघत बसनार?"

मी उठले, वळले, यादी पाहिली. त्रेसष्ट. पाहूनही तो ओळखीचा वाटला नाही. थोरल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

मोजल्याशिवाय माझी कशाबद्दल खात्री होत नाही. त्या दिवसापासून मी पर्समधल्या डायरीत चुका टिपायला लागले. पहिल्या महिन्यात अकरा चुका. दुसऱ्या महिन्यात एकोणीस. तिसऱ्यात सव्वीस, आणि त्यातल्या नऊ घरच्या होत्या: आमटीत दोनदा मीठ, दूध गॅसवर ठेवून बाजारात जाणं. एकदा चर्चसमोरच्या रस्त्यावर मी हातात पिशवी घेऊन उभी होते आणि कुठून आले ते मला सांगता आलं नसतं. माझ्या आत्याला असं झालं होतं, पण ती पंच्याहत्तरीची होती. शेवटी शेवटी ती स्वतःच्या मुलाला "आपण कोण?" म्हणून विचारायची. मी एकतीस वर्षांची होते आणि माझी मुलगी अडीच वर्षांची. बसमध्ये बसले की मी तिचं नाव मनात म्हणून पाहायचे, आहे की गेलं.

मुंबईला डॉक्टरांना दाखवू या म्हटल्यावर यजमानांनी आधी चेष्टाच केली. "मी दर पावसाळ्यात दोन छत्र्या विसरतो. मला कोणी मुंबईच्या डॉक्टरकडे नेत नाही."

"अहो, छत्री विसरणं वेगळं," म्हणून मी डायरी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तिन्ही महिने वाचले. दुसऱ्या दिवशी सातिवलीच्या कारखान्यातून रजा मंजूर करून आले.

मुंबईच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोक्याचा एक्स-रे काढला, गुडघ्यांवर हातोडी मारून पाहिली. मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी दोनपर्यंत न अडखळता आले, तेव्हा ते हसले. मग सहज गप्पा माराव्यात तसं विचारलं, "मुलं किती?"

"एक मुलगी. अडीच वर्षांची."

"कधी चालायला लागली?"

यजमान म्हणाले, "सांग की." मी तिचा जन्म आठवला, दवाखाना आठवला, बारसं आठवलं. त्यानंतर ती एकदम फ्रॉक घालून अंगणात धावताना दिसत होती. मधलं साधारण एक वर्ष नव्हतं. तोवर मला वाटत होतं की जातायत ते नंबर आणि रोजची कामं, एवढंच. आयुष्यातलं मागचंही गेलंय, आणि नेमकं हे गेलंय, हे मला त्या खुर्चीत कळलं.

रिपोर्ट सगळे चांगले आले. डॉक्टर म्हणाले, "कारण सापडत नाही. विश्रांती घ्या, सहा महिन्यांनी या."

घरी आल्यावर मी सासूबाईंना विचारलं. त्या केळीची पानं पुसत होत्या.

"मला काय विचारतेस? तूच तर ओरडलीस, 'आई, बघा बघा' म्हणून! वाडीतल्या पाटाच्या कडेनं निघाली होती. दिवाळीच्या आधी. पाण्यात पडेल म्हणून तू धावलीस आणि तूच घसरलीस."

यजमानांचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते होळीला, घरातच, कपाटापासून पलंगापर्यंत. "तू पलंगावर बसून टाळ्या वाजवत होतीस."

शेजारच्या ख्रिस्ती बाईंनी दोघांनाही खोटं पाडलं. "काय सांगतात! माझ्या घरी चालली. नाताळला येशूच्या जन्माचा गोठा मांडत होते मी. तिला त्यातली मेंढी हवी होती. चार पावलं टाकली आणि मेंढीचा कान तोडला. तू इतकी हसत होतीस की मला रागावताही येईना. ही बघ, अजून तशीच आहे." त्यांनी बिनकानाची मातीची मेंढी आणून माझ्या हातात दिली. मी ती बराच वेळ धरून बसले. काही आलं नाही.

तिघांचं मी लिहून काढलं. दिवस जुळत नव्हता, जागा जुळत नव्हती. तिघांत एकच गोष्ट सारखी होती: मी तिथे होते. धावले, टाळ्या वाजवल्या, हसले. माझ्यातल्या त्या बाईचा मला हेवा वाटायला लागला, जिनं हे सगळं पाहिलं होतं आणि मला न सांगता निघून गेली होती.

पुढच्या वर्षी चुका कमी झाल्या. महिन्याला चौदा, मग सहा, मग टिपण्यासारखं काही राहिलं नाही. का आल्या ते जसं कळलं नाही, तसं का गेल्या तेही नाही. भीती मात्र सावकाश गेली. नंबर परत आले, बर्फवाल्याचाही. मी वाट पाहिली की त्यांच्यामागून ते वर्षही येईल. केळीच्या वाडीत जाऊन पाटाच्या कडेला उभी राहायचे. पलंगावर बसून कपाटाकडे पाहायचे. यजमान आत आले की मी चादर नीट करत असल्यासारखं करायचे. वर्ष आलं नाही. आता एक्सचेंज स्वयंचलित झालं आहे, आणि मी बिलांच्या विभागात बसते.

गेल्या वर्षी मुलीला शाळेत 'माझे बालपण' असा निबंध आला. ती अकरा वर्षांची. वेणी घालून घेत असताना तिनं विचारलं, "आई, मी पहिल्यांदा कधी चालले?"

माझ्याकडे तीन उत्तरं होती आणि तिन्ही चांगली होती. मेंढीचं तर तिला फार आवडलं असतं. पण ती मला विचारत होती, आणि दुसऱ्यांचं उत्तर माझं म्हणून देणं मला जमेना.

"मला नाही आठवत गं," मी म्हटलं. "आजीला विचार, बाबांना विचार. शेजारच्या मावशींना विचार. त्यांना आठवतं."

"तुला का नाही?"

"मी मधे आजारी पडले होते. त्यात माझं ते वर्ष पुसलं गेलं."

तिनं मोकळ्या रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "जाऊ दे. मलापण नाही आठवत."

तिनं समजूत घालायला म्हटलं होतं. पण तिनं ते लक्षात ठेवायचं नसतंच. ते आईनं ठेवायचं असतं. मी दुसऱ्या वेणीची रिबीन बांधली, थोडी घट्टच, तशी ती ओरडली.

दप्तर घेऊन ती निघाली तेव्हा मी हातातलं काम ठेवून दारात गेले. तिनं उंबऱ्याबाहेर डावा पाय आधी टाकला. बुधवार होता, सात वाजून दहा मिनिटं झाली होती. फाटकापर्यंत एकवीस पावलं.