गैरमुलकी दाजी

कळंबच्या आमच्या जिनिंगमधलं इंजिन सुरू झालं की तिकडं येरमाळ्याच्या देवळातली घंटा आपोआप वाजायची. खोटं वाटत असेल तर देवीला विचारा. ते इंजिन ऐकायचं फक्त आमच्या फिटरचं. आणि तो होता बार्शीचा, म्हणजे इंग्रजी हद्दीतला, गैरमुलकी. निजामी अमलाची ती शेवटची वर्षं. हुकूम निघाला होता, कामावर माणूस मुलकीच पाहिजे, आणि त्याची खात्री मालकानं द्यायची. परका सापडला की कोठडी.

अमीनसाहेब, म्हणजे आमच्याकडचे फौजदार, भर दुपारी आले. आधी मिशा आत आल्या, बऱ्याच वेळानं साहेब, मागं एक शिपाई. एकेकाला गाव विचारत ते फिटरपाशी थांबले, तसं मालकाचं तोंड कापसाहून पांढरं झालं. मी मुकादम; माझी जीभ माझ्याआधी धावली. म्हणालो, हे येरमाळ्याचे, आमची बहीणच दिलीय त्यांना. मला बहीण नव्हती, पण ते साहेबांना कुठं ठाऊक?

साहेबांनी मान हलवली. इंजिन चालू करून दाखवा म्हणाले. मी रोजच्या सवयीनं ओरडलो, "ए, मार की हँडल, झोपलास का रं?"

साहेब सावकाश वळले.

"मुकादम, बहिणीच्या नवऱ्याला अरे-तुरे? ही कुठली रीत?"

माझं रक्त अंगातून निघून थेट मांजरा नदीला मिळालं. शिपायानं फिटरचा दंड धरला. तेवढ्यात फिटरनं हातातला पाना आपटला आणि खाली सरकीच्या पोत्यावर तोंड फिरवून बसला.

"ऐकलंत, साहेब? चारचौघांत असंच बोलतोय. मला न्हाय ऱ्हायाचं हितं. ह्याच्या बहिणीला आजच माहेरी धाडतो, बसू दे सांभाळत."

साहेब त्या रुसव्याकडं बघत राहिले. शिपायाचा हात दंडावर तसाच. शेवटी साहेबांनी त्याला डोळ्यानं मागं घेतलं आणि मला म्हणाले, "बघता काय? पाय धरा त्यांचे."

धरले. तेलानं माखलेले होते, आणि सोडवून घ्यायची त्यांना काही घाई नव्हती. "दाजी, चुकलं. उठा आता." दाजी उठले. इंजिन धडधडलं.

शिपाई मात्र पुढं कितीतरी दिवस आमच्या गल्लीत घिरट्या घालत होता. भाऊबीजेला दाजींची बायको, म्हणजे माझी नसलेली बहीण, ओवाळणीचं ताट घेऊन दारात आली, तेव्हाही तो समोरच्या कट्ट्यावर बसून बघत होता. मी पाटावर बसलो. त्या कट्ट्याकडं बघत बघतच तिनं बोट टेकवलं आणि माझ्या कपाळावरचं कुंकू भुवईपर्यंत ओघळलं.