बादली आण, समुद्र सांडतोय!

फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से मात्र स्टुडिओतच राहतात. नववी सोडून मी विरारच्या या स्टुडिओत आलो. तेव्हापासून लॅपटॉप दोनदा फॉरमॅट झाला, पण माझ्या चुका मालक दिलीपदादांना अजून तोंडपाठ!

त्यांची अट एकच. "फोटो कॅमेऱ्यातच सरळ आला पाहिजे. मला माऊसला हात लावावा लागला नाही, की लग्नाची ऑर्डर तुझी एकट्याची." मला तेवढंच हवं होतं.

*

अर्नाळ्याला प्री-वेडिंग होतं. नवरी माझ्याकडे बघून हसली, मी लाजलो आणि लाजत लाजतच क्लिक केलं. स्क्रीनवर फोटो बघून दादा ओरडले, "अरे, बादली आण! समुद्र डावीकडून सांडतोय!"

आता मी आधी क्षितिज बघतो, मग नवरी. नवरदेवांनाही ते बरं वाटतं!

*

तिथल्याच एका कोळी काकांनी नव्या होडीचा फोटो काढून घेतला. पाणी जरा तिरकं आलेलं. दादांनी बघायच्या आत मी कॉम्प्युटरवर फोटो फिरवून सरळ केला. फ्रेम काकांच्या हातात दिली.

"पानी सरळ केलंस, आन डोलकाठीवरचं निशान कापलंस? आता होडी कोनाची, ते माशांना विचारू?"

दादा म्हणाले, "कॉम्प्युटर फुकटात सरळ करत नाही रे. कडेचं कापून घेतो."

*

मग चंदनसारच्या नव्या टॉवरच्या फोटोचं काम आलं. गेटपाशी उभं राहून कॅमेरा वर केला की बिल्डिंग मागे कलते. बिल्डर म्हणाला, "ही काय आरामखुर्चीत बसलीय?"

कॅमेरा वर न करता सगळं मावायला हवं, म्हणजे समोरच्या बिल्डिंगच्या मधल्या मजल्यावर जायला हवं. दोनदा बेल वाजवून मीच खाली पळालो. तिसऱ्यांदा तिथल्या काकूंनी दारातच पकडलं.

"या टॉवरने आमचा सूर्यास्त खाल्ला, आणि त्याचा फोटो आमच्याच खिडकीतून?"

पण चहा दिला. वर पडदा स्वतः धरून उभ्या राहिल्या!

फोटो दादांनी नुसता बघितला. माऊस तसाच. "बघू, बिल्डर काय म्हणतो."

*

चार दिवसांनी बिल्डरचा फोन. "होर्डिंग लागलं. बिल्डिंग परत वाकडी! या इकडे."

दादांनी स्कूटर काढली, मी मागे बसलो. मी मनातल्या मनात लग्नाची ऑर्डर सोडून दिली.

होर्डिंगखाली पंधराएक माणसं. बिल्डर तापलेला. मी वर बघितलं, परत बघितलं. गिऱ्हाइकाशी मी मान हलवूनच बोलतो, पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "साहेब, फोटो सरळ आहे. बोर्ड वाकडा लावलाय."

शिडीवरून बोर्ड लावणाऱ्याचा आवाज आला, "वाकडा कसा? रस्त्याला धरून बांधलाय!"

रस्ता उताराचा होता.

बिल्डरने रस्ता बघितला, बोर्ड बघितला, मग मला. दादांना विचारलं, "हा कोण?"

"हे?" दादा हेल्मेट घालत म्हणाले. "रविवारच्या लग्नाचे फोटोग्राफर."